घरातलं कुणी विमान कंपनीत आहे? स्टाफ पासवर निघण्याआधी हे समजून घ्या

घरातलं कुणी विमान कंपनीत लागलं की नातेवाइकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मग काय, आता तुमचं विमान फुकट!" रामबाग असो, लोकमान्यनगर असो की सुदामानगर, इंदुरातल्या मराठी घरांत हे हमखास ऐकू येतं. यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे आई-वडील दिल्लीच्या टर्मिनलवर रात्र काढतात, मुहूर्त चुकतो, आणि कधी कधी पोराच्या नोकरीवरही बेतते.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा पूर्ण पैसे भरलेले प्रवासीही विमानतळांवर ताटकळले. त्या गर्दीत पासवाल्यांना, म्हणजे कर्मचाऱ्याच्या सवलतीवर निघालेल्या त्याच्या घरच्यांना, कुणी विचारलं असेल, याची कल्पना करा. पासची सोय खरी आहे आणि मोठी आहे. पण ती तिच्या नियमांनीच वापरावी लागते.

पास नेमका काय देतो

विमानाचं दार बंद झालं की न विकलेल्या सीटची किंमत शून्य. ती सीट रिकामी नेण्यापेक्षा कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना दिली, तर कंपनीचं फारसं काही जात नाही आणि कर्मचारी खूश राहतो. सगळी योजना एवढ्यावर उभी आहे. म्हणूनच तिची अट एकच: पैसे देणारे सगळे बसले, कामावर जाणारे कर्मचारी बसले, आणि त्यानंतरही सीट उरली, तर ती तुमची.

अशा प्रवासाला स्टँडबाय म्हणतात. आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या तोंडी 'सब्लो' हा शब्द असतो, 'सब्जेक्ट टू लोड' याचं छोटं रूप. लोड म्हणजे त्या विमानाच्या किती सीट गेल्या आणि किती उरल्या.

रेल्वेची वेटिंग लिस्ट सगळ्यांना कळते, तेव्हा तिच्याशी ताडून बघा. रेल्वेत आधी तिकीट काढलं त्याचा नंबर वर. इथे नंबर लागतो तो दर्जावर. काही कंपन्यांत कर्मचारी किती वर्षं नोकरीत आहे ते बघतात, काहींत कुणी आधी चेक-इन केलं ते. त्याच कंपनीचे कर्मचारी आणि त्यांचे घरचे आधी, दुसऱ्या कंपनीचे नंतर, आणि मित्रमंडळी सगळ्यांत शेवटी. शिवाय रेल्वेचा चार्ट गाडी सुटण्याच्या काही तास आधी लागतो. इथला निकाल बहुतेक वेळा चेक-इन काउंटर बंद झाल्यावर, म्हणजे सुटायला तासभर किंवा त्याहूनही कमी उरलेला असताना लागतो.

तिकिटावरची ती अक्षरं

कर्मचारी पोर्टलवरून तिकीट काढतो तेव्हा त्यावर आयडी-९०, आयडी-५० असे कोड दिसतात. आकडा म्हणजे भाड्यावरच्या सवलतीची टक्केवारी. त्यापुढे आर-१ असेल तर सीट पक्की, आर-२ असेल तर स्टँडबाय. दुसऱ्या विमान कंपनीत प्रवास करायचा असेल तर 'झेड' नावाचं तिकीट असतं. कंपन्यांनी आपापसात करार केलेले असतात आणि अंतराच्या टप्प्यांनुसार ठरावीक भाडं लागतं.

तिकीट हातात आलं की सगळ्यांत आधी १ आहे की २ ते बघा. बऱ्याच कंपन्या वर्षाला मोजकी पक्की तिकिटंही देतात. ती महाग पडतात आणि घरात त्यांवरून ओढाताण होते, पण लग्न, परीक्षा, ऑपरेशन असल्या कामांसाठी तीच राखून ठेवावीत. स्टँडबायवर मुंजीला जाता येईल, पण मुंज तुमच्याच बटूची असेल तर जाऊ नये.

खरंच फुकट आहे का?

मूळ भाडं शून्य असलं तरी कर आणि शुल्क बहुतेक वेळा भरावं लागतं. विमानतळाचं यूझर डेव्हलपमेंट शुल्क, सुरक्षा शुल्क (देशांतर्गत प्रवासाला २०२१ पासून २०० रुपये, वर कर), आणि जे काही भाडं लागेल त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीला ५ टक्के आणि वरच्या वर्गाला १८ टक्के असा जीएसटी आहे. लंडनहून परत येताना ब्रिटन सरकारचा एअर पॅसेंजर ड्युटी नावाचा कर लागतो आणि वरच्या वर्गात तो दुपटीहून जास्त असतो. मुलीनं प्रेमानं बिझनेस क्लासमध्ये बसवलं तरी हा फरक कुणीतरी भरतंच.

त्यामुळे इंदूर-मुंबई किंवा इंदूर-पुण्यासाठी आधी साधा हिशोब करा. महिना-दीड महिना आधी काढलेलं स्वस्त पक्कं तिकीट आणि पासवरचं तिकीट यांत कधी कधी इतका थोडा फरक असतो की अनिश्चितता पत्करण्यात अर्थ नाही. पासची खरी कमाई लांबच्या प्रवासात आहे, जिथे ऐन वेळचं भाडं आवाक्याबाहेर जातं.

कुणाला मिळतो

नवरा-बायको, ठरावीक वयापर्यंतची मुलं आणि आई-वडील, एवढे जवळजवळ सगळीकडे असतात. सासू-सासरे, भावंडं, अविवाहित कर्मचाऱ्यानं नेमलेला एखादा सोबती, हे कंपनीगणिक बदलतं. नाव आपोआप चढत नाही. कर्मचाऱ्यानं पोर्टलवर नोंदवायचं, जन्मदाखला किंवा विवाह प्रमाणपत्र जोडायचं आणि मंजुरीची वाट बघायची. काही कंपन्यांत नावं बदलायची मुभा वर्षातून एकदाच मिळते, म्हणून लग्नानंतर हे काम लांबवू नये.

इथे आपल्या घरांत नेहमी होणारा घोटाळा नावाचा. आईच्या आधारवर सासरचं आडनाव, जुन्या पासपोर्टवर माहेरचं. वडिलांचं मधलं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. पोर्टलवर जे नाव चढतं तेच तिकिटावर येतं. देशांतर्गत प्रवासाला दाखवायचं ओळखपत्र आणि परदेशासाठीचा पासपोर्ट यांच्याशी ते अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. टर्मिनलच्या दारावर सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र शेजारी धरून बघतो. तिथे "मुलगी इथेच कामाला आहे" हे सांगून भागत नाही.

लिस्टिंग आणि लोडचा हिशोब

तिकीट काढणं वेगळं आणि त्या विशिष्ट विमानाच्या यादीत नाव घालणं वेगळं. दुसऱ्याला लिस्टिंग म्हणतात. ते विसरलं तर तिकीट असूनही काउंटरवरच्या माणसाला तुमचं नाव दिसत नाही. आणि जायचं रद्द झालं तर लिस्टिंग काढून टाकायला सांगा. तुमचं नाव उगाच पडून राहिलं की दुसऱ्या कुटुंबाचा अंदाज चुकतो. शिवाय काही कंपन्या अशा न आलेल्यांवरून कर्मचाऱ्याला जाब विचारतात.

आता एक हिशोब बारकाईनं बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. इंदूरहून मुंबईला जाणारं विमान, सीट १८६. मुलगी फोनवर सांगते, "आई, १७८ बुक आहेत." म्हणजे आठ मोकळ्या. तुम्ही चौघं, तेव्हा आरामात जाल असं वाटतं. पण पुढचा प्रश्न विचारायला हवा: यादीत किती नावं आहेत? ती सांगते अकरा, तुम्हाला धरून. त्यातले पाच तुमच्या वरचे. आठातून पाच गेले, उरल्या तीन. त्यात मुंबईहून पुढचं विमान चालवायला जाणारे दोन कर्मचारी ऐन वेळी जोडले गेले. ते ड्युटीवर जात असतात, त्यांना बसवावंच लागतं. उरली एक. शेवटच्या दोन तासांत एखाद्यानं वेबसाइटवरून पक्कं तिकीट घेतलं तर तीही गेली.

हिशोब उलटाही फिरतो. काही प्रवासी येतच नाहीत, कुणाचं जोडविमान चुकतं. हे गृहीत धरून कंपन्या कधी कधी सीटपेक्षा जास्त तिकिटंही विकतात. म्हणून 'मोकळ्या सीट', 'यादीतली नावं' आणि 'आपला नंबर' हे तिन्ही आकडे एकत्र विचारा. आदल्या रात्री एकदा आणि घरून निघण्याआधी एकदा.

घरच्यांनी वेबसाइटवरचा सीटचा नकाशा बघून अंदाज बांधू नये. तिथे रिकामी दिसणारी सीट म्हणजे कुणी निवडलेली नाही एवढंच. ती विकली गेलेली असू शकते, कारण सीट निवडायचे वेगळे पैसे बरेच जण भरत नाहीत. त्यापेक्षा त्या विमानाचं नऊ प्रवाशांचं तिकीट शोधून बघा. बहुतेक वेबसाइट एका वेळी नऊपर्यंतच घेतात. नऊ जणांना भाडं दाखवलं तर निदान तेवढी विक्री खुली आहे. चौघांवर अडलं तर समजा अवघड आहे.

चौघांनी निघताना घरीच ठरवून टाका: दोनच सीट मिळाल्या तर कोण जाणार? काउंटरवर हा प्रश्न येतो तेव्हा उत्तराला अर्धं मिनिटसुद्धा मिळत नाही. लहान मुलांसोबत एक मोठं माणूस हवंच, आणि ओळखपत्र, औषधं, पैसे ज्याचे त्याच्याजवळ हवेत.

विमानतळावर काय होतं

अमेरिकेत स्टँडबाय प्रवासी सुरक्षा तपासणी करून थेट गेटपर्यंत जातो, आणि तिथल्या पडद्यावर आडनावाची पहिली काही अक्षरं आणि नंबर दिसतो. आपल्याकडे बोर्डिंग पासशिवाय सुरक्षा तपासणीत सोडत नाहीत, त्यामुळे फैसला बहुधा चेक-इन काउंटरवरच होतो. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर वेळेत पोचा, काउंटरवर हजेरी लावा, कुठे थांबायचं ते विचारा आणि तिथून हलू नका. नाव पुकारल्यावर माणूस चहाला गेलेला असेल तर पुढच्याला बोलावतात. सीट मिळाली तर तपासणी आणि गेट गाठायला हातात फार थोडी मिनिटं असतात.

म्हणून सामान केबिनमध्ये मावेल एवढंच घ्या. देशांतर्गत साधारण सात किलोची एक बॅग चालते. लोणच्याची बरणी आणि तेलकट डबे घेऊन स्टँडबायवर निघू नये, कारण मोठी बॅग चेक-इनला द्यावी लागते आणि तिथे वेळ जातो. पापड, शेव मात्र खुशाल न्या.

दिवसातलं पहिलं विमान पकडायचा प्रयत्न करा. ते चुकलं तर त्याच मार्गाच्या पुढच्या विमानाच्या यादीत नाव सरकवता येतं. संध्याकाळचं शेवटचं चुकलं की दिवस संपला. दिल्लीहून परदेशी जायचं असेल तर इंदूर-दिल्ली आणि पुढचा टप्पा दोन्ही स्टँडबायवर ठेवू नका. पहिला टप्पा पक्क्या तिकिटानं करा आणि मधे भरपूर वेळ ठेवा.

"सीट रिकामी दिसत होती, तरी घेतलं नाही!"

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि त्यात काउंटरवरच्या माणसाचा दोष क्वचितच असतो. विमान सीट मोजून जसं भरतात तसं वजन मोजूनही भरतात. इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५६४ मीटर उंचीवर आहे. मे महिन्याच्या दुपारी पारा चाळिशीपार गेला की हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्याच धावपट्टीवरून तेवढंच वजन उचलणं मग जमत नाही. ज्या मुक्कामी हवा खराब आहे तिथे जाताना जादा इंधन घ्यावं लागतं, त्याचंही वजन असतं. अशा वेळी कात्री आधी स्टँडबायवर चालते. छोट्या एटीआर विमानात हे जास्त जाणवतं. कधी एखादी सीट नादुरुस्त म्हणून बंद ठेवलेली असते. आणि कधी वजनाचा कागद पूर्ण झालेला असतो. एक माणूस वाढवायचा तर तो बदलावा लागतो आणि विमान उशिरा सुटतं.

"तिकिटाचे पैसे भरलेत, मग भरपाई मिळायला हवी"

पक्कं तिकीट असलेला, वेळेत आलेला प्रवासी जास्त बुकिंगमुळे राहिला आणि तासाभरात सुटणारं दुसरं विमान त्याला दिलं नाही, तर डीजीसीएच्या, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानं भरपाई आहे: चोवीस तासांच्या आत दुसरं विमान दिलं तर कमाल १०,००० रुपये, त्याहून उशीर झाला तर कमाल २०,०००. स्टँडबायवाल्याची सीट मुळात पक्कीच नसते, त्यामुळे ती न मिळणं हा नियमभंग ठरत नाही. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमात तर स्पष्टच लिहिलं आहे की फुकट किंवा जनतेला न मिळणाऱ्या सवलतीत प्रवास करणाऱ्याला तो लागू नाही. हॉटेल, जेवण, दुसरं तिकीट, सगळं आपल्या खिशातून. ही रक्कम घरून निघतानाच बाजूला ठेवा.

मुंबईसाठी अवंतिका एक्सप्रेस, पुण्यासाठी रात्रीची गाडी किंवा बस, यातलं काहीतरी हाताशी असू द्या. दिवाळी, गणपती, उन्हाळ्याची सुट्टी आणि लग्नसराई या दिवसांत पासचा विचार सोडलेलाच बरा. काही कंपन्या अशा तारखांना पास बंदच ठेवतात. आदल्या दिवशी धुक्यामुळे विमानं रद्द झाली असतील तर दुसऱ्या दिवशी लोड बघायचीही गरज नाही, कालचे अडकलेले लोक आज तुमच्या आधी आहेत.

परदेशात हाच मुद्दा जास्त गंभीर होतो. व्हिसा संपायच्या दिवशीचं परतीचं विमान स्टँडबायवर धरू नका. सीट मिळाली नाही म्हणून मुदतीपेक्षा जास्त राहिलात, तरी दंड तुम्हालाच आणि पुढच्या व्हिसावर डागही तुमच्याच. निदान तीन-चार दिवस आधीपासून प्रयत्न सुरू करा आणि एका पक्क्या एकेरी तिकिटाइतके पैसे शिल्लक ठेवा.

"तिची तिथे ओळख असेल ना?"

असेल, आणि म्हणूनच ती वापरायला लावू नका. पासवरचा प्रवासी कंपनीच्या लेखी कर्मचाऱ्याचाच प्रतिनिधी असतो. त्यानं काउंटरवर आवाज चढवला, वरच्या वर्गाची सीट मागितली किंवा शेजारच्याला सीट बदलायला लावली, तर तक्रार कर्मचाऱ्याच्या नावावर जाते. पास काही काळ बंद होतो, प्रकरण मोठं असेल तर नोकरीही जाते. कपड्यांचे नियमही कंपनीगणिक असतात. मार्च २०१७ मध्ये डेन्व्हरला युनायटेडनं पासवर निघालेल्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात घेतलं नव्हतं. नंतर बऱ्याच ठिकाणी नियम सैल झाले, तरी नीटनेटके कपडे आणि बंद पादत्राणं घातली की प्रश्नच येत नाही. शेजारी बसलेल्या प्रवाशाला "आम्ही स्टाफचे, फुकट आलोय" असं सांगू नये. त्यानं पूर्ण पैसे मोजलेले असतात.

"मग एखादा पास आम्हालाही..."

विदेशी, विशेषतः अमेरिकी कंपन्या मित्रांसाठी 'बडी पास' देतात. त्याचा नंबर यादीत तळाला असतो आणि कर्मचारी सोबत नसेल तर अनोळखी विमानतळावर सगळं स्वतः निस्तरावं लागतं. हा पास विकता येत नाही. विकल्याचं उघड झालं तर कर्मचाऱ्याची नोकरी जाते. समाजमाध्यमांवर "स्वस्तात स्टाफ पास, फक्त आधी पैसे पाठवा" असे संदेश फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. खरा पास कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधूनच निघतो, अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पैसे टाकून नाही. व्यवसायाच्या कामासाठीही बहुतेक कंपन्या पास वापरू देत नाहीत, तेव्हा दुकानाचा माल बघायला मुंबईला जायचं तर साधं तिकीट घ्या.

कराचं विचाराल तर आपल्याकडे नोकरीतल्या बहुतेक सवलतींवर आयकर लागतो, पण १९६२ च्या आयकर नियमांतल्या ३(६) मध्ये विमान कंपनी आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना अशा प्रवासापुरतं वगळलेलं होतं. अमेरिकेच्या करकायद्यात कर्मचाऱ्याच्या आई-वडिलांचा विमानप्रवासही करमुक्त धरला जातो. मित्राला दिलेल्या बडी पासची किंमत मात्र कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरतात. म्हणजे मित्राच्या सहलीचा कर मुलाच्या पगारातून जातो. मागताना एवढं लक्षात असू द्यावं.

नोकरी सुटली तर?

पास नोकरीला बांधलेला असतो. राजीनामा मंजूर झाला की बहुतेक ठिकाणी घरच्यांचे पासही थांबतात, मग तुम्ही अर्ध्या प्रवासात का असेनात. मुलगा नोकरी बदलणार असेल तर आई-बाबांची परतीची तारीख त्याआधीची ठेवा. दुसऱ्या कंपनीवरच्या झेड तिकिटाला आणखी एक धोका आहे: ती कंपनीच बंद पडणं. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये.

न वापरलेल्या तिकिटाचे पैसे, निदान कर आणि शुल्क, बहुधा परत मिळतात. पण ते आपोआप येत नाहीत आणि विमानतळाच्या काउंटरवरही मिळत नाहीत. ज्या पोर्टलवरून तिकीट निघालं तिथेच कर्मचाऱ्यानं स्वतः अर्ज करायचा असतो, तोही तिकिटाच्या मुदतीत. म्हणून गाडीनं घरी पोचलात की तिकीट क्रमांकाचा फोटो मुलीला त्याच दिवशी पाठवा, आणि कुठल्या विमानाला सीट मिळाली नाही तेही लिहा.